सळई कातून पिन होत नाही

कंपनी बंद पडली म्हणजे इंजिन भंगारात, हा पहिला समज. विहिरीवरचं किंवा गुऱ्हाळावरचं जुनं इंजिन लिस्टर धाटणीचं असेल तर तो साफ चुकीचा आहे. इंग्लंडमधल्या डर्सलीला १९२९ पासून बनलेल्या या संथ इंजिनाच्या नकला राजकोटला वर्षानुवर्षं निघाल्या. पार्ट हवा असेल तर लेथवाल्याकडे जाण्याआधी तिथे चौकशी करावी. नकलांची मापं मात्र तंतोतंत जुळतीलच असं नाही, म्हणून मोजूनच मागवावं.

पार्ट बनवायचीच वेळ आली, तर जालन्यात एक प्रश्न हमखास येतो: स्टीलच्या गावात पिस्टनच्या पिनपुरतं लोखंड मिळू नये? लोखंड ढीगभर आहे, पण इथल्या कारखान्यांची ओळख बांधकामाच्या सळईची. टीएमटी सळई लालभडक असतानाच पाण्याच्या फवाऱ्याने तिची साल कडक करतात. गाभा मऊ राहतो. लेथवर चढवली की नेमकी ती साल कीस होऊन खाली पडते आणि हातात मऊ गाभा उरतो. पिस्टनच्या पिनचा क्रम उलटा असतो. कमी कार्बनचं स्टील आधी कातायचं, मग भट्टीत पृष्ठभागात कार्बन मुरवून ते कडक करायचं, शेवटी ग्राइंडिंग करून माप गाठायचं. ही वाट टाळून केलेली पिन लवकर झिजते.

‘नमुना दाखवा, तसाच करून देतो’ हे ऐकायला बरं वाटतं. पण झिजलेल्या नमुन्याची नक्कल केली की झीजही उतरते. सिलिंडरच्या लायनरचं मूळ माप पिस्टनची रिंग पोचत नाही त्या वरच्या काठावर सापडतं. शिवाय बीड (ओतीव लोखंड) ओतून थंड होताना साधारण १ टक्का आकसतं. जुन्याच पार्टवरून साचा घेतला तर नवा लहान निघणार.

अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन हलका, म्हणून बिडाच्या जागी खुशाल बसवावा? साडेचार इंची पिस्टन १५० अंशांनी तापला, तर बिडाचा व्यास सुमारे ०.१९ मिलिमीटर वाढतो, अ‍ॅल्युमिनियमचा ०.३९. जुनाच क्लिअरन्स ठेवला तर इंजिन जाम होण्याचा धोका. वजन बदलल्यामुळे बॅलन्सही तपासावा लागतो.

जितका कडक तितका टिकाऊ, हेही खरं नाही. बुश शाफ्टपेक्षा मऊच हवा. झिजायचं तर स्वस्त वस्तूने झिजावं.

थ्रीडी प्रिंटरचा उपयोग आहे, पण ओतकामाच्या पॅटर्नपुरता. प्लास्टिकचा पॅटर्न छापला की लाकूडकाम वाचतं. आकसण्याची टक्केवारी त्यातही धरावीच लागते.