गाडी बोंबलते, पण पळत नाही : घसरणाऱ्या क्लचची गोष्ट



"सर, रेस दिली की इंजिन नुसतं बोंबलते, गाडी काही सरकत नाही." सोयाबीन घरात यायच्या दिवसांत ही तक्रार आपल्या शेलूबाजारात हमखास कानावर येते. मागे पोतं, टाकीवर पोरगं आणि वर चढाचा रस्ता. समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज आपल्या गावाजवळ आहे खरा. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला, पण त्यावर दुचाकीला मनाई आहे. म्हणजे कारंजा असो, मालेगाव असो की मंगरूळपीर, आपली मोटारसायकल जुन्याच रस्त्याने ट्रकच्या सोबतीने जाणार. ट्रकला ओलांडताना क्लच घसरला तर गाडी अर्ध्यात लटकते. म्हणून हा विषय फक्त मिस्त्रीचा नाही.

इथे मी १०० ते १२५ सीसीच्या जुन्या चार-स्ट्रोक गाड्यांबद्दल लिहितोय. हिरो होंडाची सीडी १०० आली १९८५ मध्ये आणि स्प्लेंडर १९९४ मध्ये. त्यातल्या कितीतरी अजून शेताच्या बांधावर उभ्या दिसतात. या गाड्यांचा क्लच इंजिनच्या तेलातच बुडालेला असतो. आरएक्स १०० सारख्या दोन-स्ट्रोक गाडीत गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं, तिथे क्लच त्या तेलात फिरतो.

आता आत काय असतं ते पाहू. एका डब्यात दोन प्रकारच्या गोल चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. घर्षणाचा लेप असलेल्या प्लेटा इंजिनच्या बाजूने फिरतात, आणि साध्या पोलादी प्लेटा गिअरच्या बाजूने. स्प्रिंगा या सगळ्या थप्पीला दाबून धरतात. दाबलेली थप्पी एकजीव फिरते आणि इंजिनचा जोर चाकापर्यंत जातो. आपण लिव्हर ओढतो तेव्हा हा दाब सुटतो, बस्स.

वर्गात हे दाखवायला दोन वह्या पुरतात. दोघींची पानं एकात एक, एकाआड एक घाला आणि दोन मुलांना ओढायला सांगा. निघत नाहीत! सहावीच्या 'बल व बलाचे प्रकार' या पाठातलं घर्षण बल मुलांच्या हाताला कळतं. एक फरक मात्र सांगा : वह्यांमध्ये ओढण्यामुळेच पानांवरचा दाब वाढत जातो, क्लचमध्ये तो दाब स्प्रिंग देते.

मोठ्या मुलांसाठी थोडं गणित. समजा स्प्रिंगांचा एकूण दाब ८०० न्यूटन, घर्षण गुणांक ०.१, घासणारे पृष्ठभाग ८ आणि प्लेटची सरासरी त्रिज्या ५ सेंमी, म्हणजे ०.०५ मीटर. चौघांचा गुणाकार केला की ३२ न्यूटन-मीटर येतो. एवढं आघूर्ण हा क्लच न घसरता पेलतो. स्प्रिंगा थकून दाब ६०० वर आला की उत्तर २४ येतं. इंजिनकडून क्लचवर २८ येत असेल, तर आधी चालणारी गाडी आता घसरणार. आकडे उदाहरणापुरते घेतलेत, पण तीन संशयित यातच सापडतात : दाब कमी झाला, गुणांक कमी झाला, किंवा प्लेटा झिजल्या.

आधी खरंच क्लच आहे का ते पाहा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ३०–४० च्या वेगाने जाताना रेस एकदम वाढवा. आवाज चढला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. पहिल्या गिअरमध्ये हे लवकर कळत नाही, कारण तिथे गिअरमुळे चाकाचा भार क्लचवर कमी येतो. कटकट आवाज करत झटके बसत असतील तर आधी चेन-स्प्रॉकेट बघा. ज्या गाड्यांना न्यूट्रलमध्येच किक मारावी लागते, त्यांत किकचा जोरही क्लचमधूनच जातो, म्हणून क्लच फार गेला की किक पोकळ लागते.

आणि लगेच इंजिन उघडू नका! आधी शाळेतली पट्टी घ्या. लिव्हरच्या टोकाला वायर ताणली जाण्याआधीची मोकळी हालचाल मोजा. स्प्लेंडरच्या जातीच्या गाड्यांना ती १० ते २० मिमी हवी. शून्य असेल तर लिव्हर न दाबताही क्लच किंचित सुटलेलाच राहतो, आणि आपण प्लेटांना दोष देत बसतो. प्लेटा झिजतात तशी ही मोकळीक आपोआप कमी होते. इंजिनजवळच्या टोकाला चेक नट ढिला करून वायर सैल करा, नट पुन्हा आवळा, हँडल दोन्हीकडे वळवून मोकळीक टिकते का पाहा. वायर गंजून अडकत असेल तर लिव्हर परत येत नाही. ती वायर बदलावीच. काहींना सतत दोन बोटं लिव्हरवर ठेवायची सवय असते, त्यांचा क्लच लवकर जाणारच.

दुसरा संशयित तेल. कारच्या काही तेलांत घर्षण कमी करणारे घटक असतात. कारचा क्लच तेलात नसतो, म्हणून तिथे ते चालतं. आपल्या गाडीत तेच तेल गुणांक खाली आणतं. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' असं लिहिलेलं बघून घ्या. 'एमबी' हे कमी घर्षणाचं, मुख्यतः ऑटोमॅटिक स्कूटरचं तेल.

एवढं करूनही घसरत असेल तर मात्र उघडावं लागतं. हे काम मिस्त्रीकडे करावं, पण आपण शेजारी उभं राहावं, आणि मुलालाही न्यावं. तेल काढून, किक उतरवून उजवं कव्हर निघतं. त्याचे बोल्ट लांबीने वेगवेगळे असतात. चांगला मिस्त्री पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागचा बोल्ट त्या जागी खोचतो. (आमच्या प्रयोगशाळेतही इतकी शिस्त नसते!) स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे ढिले करायचे. प्लेटची जाडी व्हर्नियरने मोजायची आणि गाडीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडायची. स्प्रिंगेची मोकळी लांबीही तशीच. पोलादी प्लेट काचेवर ठेवली की वाकली आहे का ते कळतं. ती निळी पडली असेल तर खूप तापलेली आहे. घसरण्याने उष्णता, उष्णतेने लेप गुळगुळीत, आणि मग आणखी घसरण, असं ते चक्र असतं.

जुन्या प्लेटा पॉलिश पेपरने घासून किंवा स्प्रिंगेखाली वायसर टाकून गाडी चालू करून देणारे आहेत. हंगामात अडलेल्या माणसाला तेवढ्याने आठवडा निघतो, हे खरं. पण लिव्हर जड होते आणि झिजलेली प्लेट झिजलेलीच राहते. माझं मत विचाराल तर प्लेटा आणि स्प्रिंगा एकदमच बदलाव्यात, पॅकिंगही नवं घ्यावं.

नव्या प्लेटा बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये भिजवाव्यात. कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच तापतात. डब्याच्या खाचांत जुन्या प्लेटांनी खड्डे पाडले असतील तर नवी प्लेट तिथे अडकून गाडी झटके देते, तेही तपासून घ्या. बोल्ट पुन्हा समोरासमोरचेच आवळायचे. काढलेलं काळं तेल नालीत ओतू देऊ नका, डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्याकडे द्यायला सांगा. पहिले काही दिवस जड ओझं टाळा, आणि आठवड्याने पट्टी घेऊन लिव्हरची मोकळीक पुन्हा एकदा मोजा, नव्या प्लेटा बसल्या की ती थोडी बदलते.