तेराव्या वर्षी वजिराचा बळी

डोनाल्ड बर्न विरुद्ध बॉबी फिशर हा डाव १७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्कच्या मार्शल चेस क्लबमध्ये रोझेनवाल्ड स्पर्धेत झाला. काळी मोहरी घेतलेला फिशर १३ वर्षांचा, त्याच वर्षीचा अमेरिकेचा ज्युनियर विजेता. डाव ग्रुनफेल्ड बचावात गेला. यात काळा पटाचा मध्य पांढऱ्याला खुशाल घेऊ देतो आणि मग जी७ वरच्या उंटाच्या माऱ्याने तोच पोखरतो, नावालाच बचाव.

बर्नने वजीर लवकर बाहेर काढला, कॅसलिंग मात्र राहून गेले. ११व्या चालीत फिशरने घोडा ए४ वर, थेट पांढऱ्या घोड्याच्या तोंडी दिला. तो मारला असता, तर काळ्याचा दुसरा घोडा ई४ चे प्यादे टिपून वजीर आणि उंट दोघांवर एकदम चालून आला असता. खरा धक्का १७व्या चालीचा: स्वतःचा वजीर माऱ्यात असताना फिशरने उंट ई६ वर नेला. बर्नने वजीर घेतला. मग उंट-घोड्याचे शहामागून शह सुरू झाले आणि वजिराच्या बदल्यात काळ्याला एक हत्ती, दोन उंट आणि एक प्यादे मिळाले. ४१व्या चालीला हत्तीने मात केली.

हान्स क्मॉख यांनी ‘चेस रिव्ह्यू’मध्ये याला ‘शतकातील डाव’ ठरवले. शतकाची ४४ वर्षे तेव्हा बाकी होती.