चांदीच्या दाण्यांतला किनारा

मांडव्याला लाँच पकडली की तासाभरात गेटवे, तिथून पायी काळा घोडा. १९५२ साली उभी राहिलेली जहांगीर आर्ट गॅलरी तिथेच आहे. फिल्मवर काढलेल्या फोटोंचं समूहप्रदर्शन पाहायचं म्हटलं की अलिबाग-मुरूडकडच्या माणसाला बहुधा हीच वाट धरावी लागते. पण जावंच, कारण फिल्मचा प्रिंट मोबाइलवर पाहिला तर अर्धाच कळतो. मुंबईकरांची ही हौस जुनी आहे. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली तेव्हा डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते.

समूहप्रदर्शनाची खरी गंमत शेजारी शेजारी लावलेल्या प्रिंटमध्ये असते. समजा, दोघांनी बांबूंवर वाळत घातलेले बोंबील टिपलेत. एकाने ३५ मिलिमीटरच्या वेगवान फिल्मवर, दुसऱ्याने १२०च्या रुंद रोलवर. पहिल्यात आभाळभर दाणा दिसेल, जाड आणि खरखरीत. दुसऱ्यात बोंबलाच्या कातडीवरची ओली चकाकी आणि मागच्या काळसर वाळूतली प्रत्येक छटा सुटी दिसेल. प्रिंटच्या अगदी जवळ जा, मग चार पावलं मागे या. कॉन्टॅक्ट शीट लावलेली असेल तर सगळ्यात जास्त वेळ तिथे द्या. ३६ चौकटींपैकी कुठल्या एकीभोवती लाल पेन्सिल फिरली आहे आणि बाकीच्या का सोडल्या, हे पाहताना फोटोग्राफरचा विचार हाती लागतो. मला तर नावाजलेल्या प्रिंटपेक्षा ती शीट अधिक शिकवते.

फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात चांदीचे क्षार. जिलेटिन दमट हवेत पाणी ओढतं, फुगतं, त्यावर बुरशी पोसली जाते. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे निगेटिव्हचा काळच. घरात जुन्या निगेटिव्ह असतील तर त्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ हा देशी माल आता बंद झाला, पण त्यावर टिपलेली लग्नं आणि बारशी अजून कितीतरी कपाटांत असतील.

या सगळ्यात आपल्या किनाऱ्याचं एक मोठं काम प्रदर्शनांतून निसटतं. मुंबईतल्या ट्राम विजेवर चालवायच्या ठरल्या, तेव्हा त्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय उपकरणं बिघडवली असती. म्हणून संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली आणि १९०४ मध्ये तिथे काम सुरू झालं. इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळलं. आत अंधाऱ्या खोलीत टांगलेल्या चुंबकाला चिमुकला आरसा. दिव्याचा किरण आरशावरून परतून घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या नळकांड्यावरच्या फोटो-कागदावर पडायचा. पृथ्वीचं चुंबकत्व जरा हललं की आरसा हलायचा, कागदावर रेघ वाकायची. मग तो कागद डार्करूममध्ये धुऊन काढायचा. सौरवादळाच्या दिवशी हीच रेघ सैरावैरा धावते. कॅमेऱ्याशिवाय, अनेक दशकं, एकाच जागी चाललेलं हे छायाचित्रण आहे, आणि माझ्या मते ते कुठल्याही नामांकित प्रिंटशेजारी मानाने शोभेल.

फिल्मवर काम करणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी पुढचं प्रदर्शन भरवताना यातला एखादा कागद किंवा त्याची चांगली प्रत जरूर मागावी. वेधशाळा अलिबागेत, ती चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला. दोन्ही रायगड जिल्ह्यातच आहेत, त्यासाठी लाँचसुद्धा पकडायला नको.