न दिसणाऱ्या पानांचा जमाखर्च

श्रीगोंदे तालुक्यातील, दौंड–मनमाड लोहमार्गावरचे काष्टी हे गाव ओळखले जाते ते तेथील शनिवारच्या बैलबाजारामुळे. परंतु बाजार उलगला आणि धूळ खाली बसली म्हणजे याच गावातील एका ओसरीवर चार वयस्क मंडळी ब्रिजचा डाव मांडतात, आणि त्यांच्या शेजारी बसून मी जो खेळ पाहिला, त्यावर नशिबापेक्षा हिशेबाचाच अंमल अधिक होता. बाजारात दलाल रुमालाखालच्या बोटांच्या स्पर्शाने भाव जाणतो. येथे झाकलेली असतात ती दोन प्रतिस्पर्ध्यांची सव्वीस पाने, आणि त्यांचा अदमास बांधावा लागतो तो उघड झालेल्या पुराव्यावरून.

त्या सायंकाळी चार बदामांची बोली घेऊन खेळणारे निवृत्त शिक्षक, ज्यांना सारे गुरुजी म्हणतात, त्यांच्या हाती हुकुमाचा बादशहा, नव्वी, अठ्ठी, सत्ती आणि छक्की होती. समोर उघडलेल्या डमीत, म्हणजे भिडूच्या हातात, एक्का, गुलाम, दश्शी आणि चव्वी. बाहेर राहिली चारच पाने : राणी, पंजी, तिर्री आणि दुर्री. गुरुजींनी बादशहा खेळला, दोन्हीकडून बारीक पाने पडली. मग हातातून नव्वी टाकली, डावीकडच्या प्रतिस्पर्ध्याने पुन्हा बारीक पान दिले, आणि आता ठावठिकाणा शोधायचा उरला तो एकट्या राणीचा. ती उजवीकडे असेल तर एक्क्याखाली सापडते. डावीकडे असेल तर एक्का राखून, गुलाम लावून तिला चकवावे, म्हणजे फिनेस करावे लागते.

नऊ पाने आपली असता एक्का-बादशहा वाजवावे, हा सर्वश्रुत संकेत निराधार नाही. डावीकडच्याच्या तेरा पानांपैकी दोन हुकूम दिसले, तेव्हा अज्ञात जागा अकरा. उजवीकडे एकच दिसले, म्हणून बारा. राणी कोणत्या जागी बसली असेल, याचे प्रमाण बारास अकरा, म्हणजे एक्क्याच्या बाजूने शेकडा सुमारे 52. एमिल बोरेल या फ्रेंच गणितज्ञाने आंद्रे शेरॉनसह 1940 साली ब्रिजच्या गणितावर सबंध ग्रंथ लिहिला; पण ओसरीवर एवढी वजाबाकी पुरे होते.

मात्र त्या डावात आरंभीच उजवीकडच्याने ‘तीन इस्पिक’ पुकारून हाती सात इस्पिके असल्याची जणू जबानी दिली होती. गुरुजींच्या दोन्ही हातांत मिळून इस्पिके चार, म्हणजे डावीकडे दोन. ही नोंद दप्तरी घेताच जागांचा ताळेबंद पालटला : उजवीकडे तेरातून सात आणि एक वजा जाता पाच, डावीकडे दोन आणि दोन वजा जाता नऊ. ज्या पानांचे प्रमाण क्षणापूर्वी एक्क्याला अनुकूल होते, तेच आता नवास पाच या हिशेबाने, शेकडा सुमारे 64, गुलामाकडे झुकले. संभाव्यता पानांच्या पाठीवर लिहिलेली नसते. आपल्याला रुजू झालेल्या माहितीनुसार तिचा फेरफार होतो, आणि बोली ऐकताना कान बंद ठेवणाऱ्याला कोष्टके तोंडपाठ असूनही उपयोग नाही.

गुरुजींनी गुलाम लावला. उजवीकडून राणी पडली आणि हात गेला. समोरचा भिडू हळहळला, “एक्का लावला असता तर!” गुरुजींनी शांतपणे पुढचे पान उचलले व म्हणाले, “चौदांत पाच वेळा हे व्हायचेच. उद्या हाच डाव आला, तर पुन्हा गुलामच.”