दोन वेटोळ्यांची जुळणी

वायरलेस चार्जरच्या खोक्यातून तबकडीसोबत बहुधा एक वायरही निघते. तबकडीला भिंतीतल्या प्लगमधून वीज घ्यावीच लागते. वायर सुटते ती फक्त तबकडी आणि फोन यांच्या मधली, जेमतेम काही मिलिमीटरची. एवढंसं अंतर नीट ओलांडायला अभियंत्यांनी केवढा खटाटोप केला!

यामागचं विज्ञान जुनंच आहे. १८३१ साली मायकेल फॅरेडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एकातला प्रवाह सुरू किंवा बंद केला की दुसऱ्यात क्षणभर वीज खेळे. आजच्या चार्जरमध्ये एक वेटोळं तबकडीत असतं, दुसरं फोनच्या पाठीमागे. तबकडीतला प्रवाह सेकंदाला लाखाहून अधिक वेळा दिशा बदलतो, त्यामुळे बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि फोनमधल्या वेटोळ्यात वीज उपजते. स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी याच तत्त्वावर चालते. फक्त तिथे तापणारं पातेलं हवं असतं, इथे तापणारा फोन नको असतो.

फोन ठेवल्यावर पहिल्या काही क्षणांत काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. तबकडी अधूनमधून विजेचा छोटासा ठोका देऊन वर कुणी आहे का ते चाचपत असते. फोन असला तर तो आपल्या वेटोळ्यावरचा भार कमीजास्त करतो. तो चढउतार तबकडीला जाणवतो आणि हीच त्यांची बोली. फोन आधी ओळख सांगतो, मग ‘थोडी वाढव’, ‘आता कमी कर’ असे निरोप सतत पाठवत राहतो. दिलेली वीज आणि पोचलेली वीज यांचा हिशेब जुळला नाही, तर मध्ये नाणं किंवा किल्ली अडकल्याचा संशय घेऊन तबकडी हात आखडते. धातू तिथे चांगलाच तापू शकतो.

खरी अडचण होती ती दोन वेटोळी समोरासमोर आणण्याची. फोन बोटभर सरकला तरी बरीच वीज वाया जाते, तिची उष्णता होते आणि लिथियम बॅटरीला उष्णतेचं वावडं. इलेक्ट्रिक टूथब्रशने हा पेच आधीच सोडवला होता: ब्रशचा पोकळ तळ चार्जरच्या खुंटीवर बसतो, चुकायला जागाच नाही. सपाट फोनला मात्र खुंटी कुठली?

२००८ साली कंपन्यांनी एकत्र येऊन वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम स्थापन केलं. त्यांचं ‘ची’ हे मानक २०१० साली आलं, ५ वॅटचं. २०१२ साली नोकियाच्या लुमिया ९२० मध्ये ते दिसलं आणि २०१७ साली ॲपलने स्वीकारल्यावर प्रतिस्पर्धी मानकं मागे पडली. त्याच वर्षी ॲपलने ‘एअरपॉवर’ जाहीर केला. फोन, घड्याळ, इअरफोनची डबी, काहीही कुठेही ठेवा, असा तो गालिचा होता. मार्च २०१९ मध्ये कंपनीने तो बाजारात न आणताच गुंडाळला; आपल्या दर्जाला तो उतरत नाही, असं कारण दिलं.

उत्तर सापडलं ते साध्या लोहचुंबकात. २०२० साली आयफोन १२ च्या पाठीत वेटोळ्याभोवती चुंबकांचं कडं बसवलं गेलं. तबकडी जवळ नेली की ती आपोआप नेमक्या जागी चिकटते. ॲपलने ‘मॅगसेफ’ म्हटलेली हीच युक्ती २०२३ साली ‘ची २’ या मानकात आली आणि इतर कंपन्यांनाही खुली झाली.

तरी वायरची बरोबरी झालेली नाही. वायरने कमी वीज वाया जाते आणि फोन लवकर भरतो. पेसमेकर असलेल्यांनी तर आयफोन तबकडीवर चार्ज होत असताना ३० सेंटिमीटरहून दूर ठेवावा, असं ॲपलच सांगते. तेव्हा घाईच्या वेळी वायरच बरी. टेबलावर तासन्‌तास पडून राहणाऱ्या फोनसाठी तबकडी घ्यायचीच असेल, तर चुंबकवाली घ्या, जाड किंवा धातूचं कव्हर काढा आणि फोनमागे खोचलेली कार्डं आधी बाजूला ठेवा.