नांव विचारूं नका, काम विचारा

बुलढाणा जिल्ह्यांतील उंद्रीसारख्या गांवांत आज शेतकरी पीकविम्याचा अर्ज मोबाइलवर उघडूं शकतो. तें पान दूर शहरांतल्या कारागिरानें लिहिलेलें असतें. त्याच्या यंत्रावर तें बिनचूक चालतें. गांवांतल्या एखाद्या जुन्या फोनवर मात्र ‘पुढें’ हें बटण दाबलें तरी कांहींच होत नाहीं. मुदतीचा शेवटचा दिवस असला, तर या दोषाची किंमत शेतकऱ्यास मोजावी लागते.

पानांत हालचाल आणणारी भाषा जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनीं तिचा पहिला आराखडा १९९५ सालीं नेटस्केपसाठीं दहा दिवसांत रचला. दुसऱ्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें ‘जेस्क्रिप्ट’ हें तिचें प्रतिरूप काढलें. १९९७ सालीं एक्मा या संस्थेनें प्रमाण ठरवून दिलें खरें. पण व्याकरण एक झालें म्हणून वऱ्हाडांतली आणि पुण्यांतली बोली एक होते थोडीच! बटण दाबल्याची वार्ता ऐकण्यास इतर ब्राउझर ‘ॲडइव्हेंटलिसनर’ म्हणत, तर इंटरनेट एक्स्प्लोरर आठव्या आवृत्तीपर्यंत ‘अटॅचइव्हेंट’ म्हणे.

तेव्हां पुष्कळ कारागीर ब्राउझरचें नांव विचारून वाट ठरवीत. हा मार्ग मला मुळींच पसंत नाहीं. क्रोम, सफारी, फायरफॉक्स हे सारेच ओळख देतांना आरंभीं ‘मोझिला’ म्हणतात. अशा नांवावर विश्वास कोण ठेवील? हवें तें साधन त्याच्यापाशीं आहे का, एवढेंच विचारावें. नसल्यास आपल्या पदरचें द्यावें. यास पॉलिफिल म्हणतात. नव्या व्याकरणापुढें मात्र ही युक्ति चालत नाहीं. एक अनोळखी खूण आली कीं जुना ब्राउझर अख्खी फाइलच नाकारतो. म्हणून ती बॅबेलसारख्या साधनानें आधींच जुन्या वळणांत उतरवावी लागते.

खरी मेख तारखेंत आहे. तेथें साधन दोघांपाशीं असतें, अर्थ मात्र निराळा. कालविभाग न सांगतां तारखेसह लिहिलेली वेळ जागतिक प्रमाणवेळ समजावी, असें २००९ चें प्रमाण सांगे. २०१५ च्या प्रमाणानें ती स्थानिक ठरविली. त्यामुळें रात्रीं दहाची मुदत एका फोनवर दहालाच संपे, तर जुन्या नियमाच्या फोनवर दुसऱ्या दिवशीं पहाटे साडेतीनला! म्हणून वेळेपुढें ‘+०५:३०’ असें स्पष्ट लिहावें, आणि पान लोकांस देण्यापूर्वीं एखादा जुना, स्वस्त फोन हातीं घेऊन अर्ज शेवटपर्यंत भरून पाहावा.