हंगामी सरकारी नोकरी : धरावी की सोडावी?



उसाचे बिल आले की पुण्याला सदाशिव पेठेत खोलीभाडे अन् क्लासची फी पाठवणारी घरे आपल्यात पुष्कळ. अशा पोराला सरकारी कचेरीत तात्पुरती जागा चालून आली, तर?

२०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये ठरले. मुदत सहा महिने; पुढे आणखी पाच वाढली. मात्र तेवढ्यावर कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली उमादेवी प्रकरणात सांगून ठेवले आहे.

म्हणून जागा घ्यावी, पण आंतरपीक म्हणून. कारभार शिकावा, कामाचा दाखला घ्यावा. अभ्यासच बुडत असेल, तर नको. आंतरपिकासाठी कोणी ऊस मोडतो का?